अच्छेर जोंधळ्यांचा तोल

हनुमान जयंतीच्या सप्ताहातली काल्याची हंडी हा अनुसयाबाईंच्या घरचा मान. थोरल्या सुनेनं दह्या-लाह्यांची हंडी डोईवर घ्यायची आणि भर कीर्तनात मारुतीच्या देवळात पोचवायची. वाटेत टेकवायची नाही, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. थेंब सांडला, तर मान धाकटीकडे.

गेल्या साली अनुसयाबाईंच्या छातीत गाठ निघाली. हैदराबादच्या दवाखान्यात गाठीबरोबर डाव्या अंगाचं मांसही काढलं. जीव वाचला; पण बाई घरी आल्या त्या कललेल्याच. पायांत बळ नाही, डावा हात खांद्याच्या वर जाईना, चार पावलं टाकली की अंग उजवीकडे झुकायचं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या रोज भिंतीवर बोटं चढवायच्या, तीही अभंगाच्या ठेक्यावर. सारवलेल्या भिंतीवर बोटांची पायवाट पडली होती.

"अक्का, औंदा हंडी मी घेते," धाकटी जाऊ रूपाबाई म्हणाली. "तुमी आपलं बसून कीर्तन ऐका."

"काहून? डाक्टरनं छाती कापली माय, डोस्कं हाय तिथंच हाय!"

पण त्या रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी नवरा, दगडोबा, मार्ग घेऊन आला. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्याचा जन्म धान्य तोलण्यात गेलेला. "तागडी कलली तर काय करत्यात? हलक्या पारड्यात टाकत्यात!" म्हणत त्यानं जुन्या धोतराची पोटली शिवली, अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, जोंधळे भरले आणि बाईंनी ती चोळीत डाव्या बाजूला ठेवली. काय नवल! बाई सरळ उभ्या!

"पांडुरंगा! आला की वो तोल!"

एकच चूक झाली. दगडोबानं पोटली शिवली ती पोती शिवायच्या दाभणानं.

काल्याच्या दिवशी हंडी डोईवर, उजवा हात हंडीला, असं करून बाई निघाल्या. चावडीपाशी मागून "कुक् कुक्" ऐकू आलं. वळून बघावं तर दही सांडायचं. लोक हसायला लागले. आपली चालच बघून हसतायत, असं वाटून बाईंचे डोळे भरून आले. पण मान हलली नाही.

"अक्का, मागं कोंबड्या!" रूपाबाई ओरडली. "जोंधळे गळून राहिले! द्या इकडं हंडी!"

"हात लावू नको!"

कोंबड्यांच्या मागे शेळी आली, शेळीच्या मागे तिची करडं, त्यांच्या मागे अर्धं गाव आणि सगळ्यात शेवटी मूठभर जोंधळे घेऊन धावणारा दगडोबा. "अगं थांब, भरून देतो!"

सगळी वरात देवळात शिरली. टाळकरी थांबले. कीर्तनकार संतरामबुवांनी चिपळ्या मात्र थांबवल्या नाहीत. "वाजवा! देवाच्या काल्याला गोपाळ येऊन राहिले. कोणाला दोन पाय, कोणाला चार!"

आता हंडी उतरवायची. त्याला दोन्ही हात हवेत. बाईंनी डोळे मिटले, समोर घरची भिंत आणली आणि अभंगाच्या ठेक्यावर डावा हात वर चढवला. कोपर, खांदा, कान... बोटं हंडीला टेकली. थेंबही न सांडता हंडी बुवांच्या पुढ्यात उतरली. गजरानं देऊळ दणाणलं.

धापा टाकत दगडोबानं विचारलं, "पोटली कुठं रिकामी झाली गं?"

बाईंनी चोळी चाचपली. एक दाणा नव्हता.

"चावडीपाशीच," रूपाबाई हळूच म्हणाली. "तिथून पुढं कोंबड्या नुसत्या आशेवर आल्या."

"मंग तिथून मी चालले कशी?"

"ते आमाला काय इचारता?" बुवा हसले. "चालल्या तुमी!"

दगडोबा मुठीतल्या जोंधळ्यांकडे बघत राहिला. "मंग ह्याचं काय करू?"

"घाला कोंबड्यांना. लई लांबून आल्यात बिचाऱ्या," अनुसयाबाई म्हणाल्या आणि काला घ्यायला त्यांनी ओंजळ पुढं केली. दोन्ही हातांची.