सगळ्यांना कोपऱ्यावरचं घर

एका माणसाला मी 'नक्की' म्हटलं, एवढाच माझा गुन्हा. (पुढचे तीनशे सतरा 'नक्की' हे त्या पहिल्याचे नातेवाईक. ते न बोलावता आले.)

मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण मिळून एक ऑनलाइन गेम बनवत होतो. मैत्रीण कोड लिहिते आणि बोलत नाही, म्हणून तिला सगळे मौनी म्हणतात. मी चित्रं काढते आणि बोलते. गेम एका छोट्या गावाचा. खेळणाऱ्याला तिथे घर मिळतं, शेजारी मिळतात. शेजाऱ्याची शिडी मागून आणायची आणि परत करायची नाही, भिंतीला कान लावायचा, ऐकलेली अफवा पलीकडच्या भिंतीतून पुढे ढकलायची, असा तो खेळ. गेम तयार होण्याआधीच लोकांनी विश्वासाने पैसे द्यायचे आणि आम्ही त्यातून तो बनवायचा, अशी व्यवस्था होती. अशा विश्वास टाकणाऱ्यांना बॅकर म्हणतात.

पैसे गोळा करायच्या शेवटच्या दिवशी 'झोपाळू वाघ' असं नाव घेतलेल्या एका बॅकरने इंटरनेटवरच्या आमच्या पानावर विचारलं, "मला कोपऱ्यावरचं घर मिळेल का?"

मी लिहिलं, "नक्की." शब्दाला काय जातं?

ते वाचून दुसऱ्याने विचारलं, "मग मलाही?" नक्की. संध्याकाळपर्यंत तीनशे अठरा बॅकर झाले आणि तीनशे अठरा कोपरे वाटून झाले. कर्णाला कवचकुंडलं देताना झाला नसेल एवढा आनंद मला झाला होता.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, आमच्याकडेच राहतात. नगरपालिकेच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेत. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर माझं ऑफिस होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर काका पेपर वाचायचे. मोठ्याने. हवामानाच्या अंदाजासकट.

"सगळ्यांना कोपरा दिलास?" त्यांनी विचारलं.

"काका, ही खरी जमीन नाहीये. कॉम्प्युटरमध्ये हवी तेवढी जागा असते."

"जागा असेल गं. पण कोपरे कुठून आणशील?"

"तुमच्या ऑफिसात नसतील. आमच्याकडे असतात."

काकांनी पेपरची घडी घातली आणि चहा संपवला. मोठ्या माणसांचं हे मला मुळीच आवडत नाही. वाद अर्ध्यात सोडून ते असे काही चहा पितात, की आपणच हरलोय असं वाटतं.

मौनीने माझा शब्द पाळला. चार घरं, की चारी बाजूंनी रस्ता. पुन्हा चार घरं, पुन्हा रस्ता. सगळ्यांना कोपरा मिळाला. चाचणीसाठी आम्ही वीस बॅकरना आत सोडलं आणि अर्ध्या तासात त्यातले अकरा हरवले, कारण गावात चौकांशिवाय काही नव्हतं आणि सगळे चौक सारखे होते. प्रत्येकाने कोपऱ्यावर दुकान थाटलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अफवा. एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जात जात ती गावभर पसरावी, हा आमच्या गेमचा प्राण. इथे चार घरं झाली की रस्ता. अफवा चौथ्या घरात जीव सोडायची.

"नकाशा परत," मौनी फोनवर म्हणाली. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

आता सरळ सांगायला हवं होतं, की बाबांनो, चुकले, सगळ्यांना कोपरा देता येत नाही. मी बॅकरना लिहिलं, "किरकोळ डागडुजी चालू आहे." तीन आठवड्यांनी लिहिलं, "शेवटचा हात फिरवतोय." पुढच्या महिन्यातही तेच लिहिलं. तेव्हा झोपाळू वाघाने विचारलं, "ताई, तुम्हाला हात किती आहेत?" मग बाकीचे तुटून पडले. कोणी म्हणालं फसवणूक, कोणी म्हणालं निदान खरं काय ते सांगा. माझी पाचावर धारण बसली. हे लोक आता गेले, तर गेम कोणासाठी उघडायचा?

समोर काका चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून शब्दकोडं सोडवत होते. मी त्यांचा फोटो काढला आणि पानावर टाकला. खाली लिहिलं, "गावाचा नकाशा आणि घरांचं वाटप आमच्या या ज्येष्ठ सल्लागारांनी केलं होतं. वयोमानानुसार त्यात काही चुका राहिल्या. कृपया त्यांच्यावर रागावू नका."

'रागावू नका' हे लिहिताना मला स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं होतं. (हे लपवता आलं असतं. पण मी किती खाली उतरले होते, ते तुम्हाला नीट कळायला हवं.)

तासाभरात सगळा राग विरघळला. आजोबांना विश्रांती द्या, आजोबांचे डोळे तपासून घ्या, आमची काही घाई नाही. मौनीचा फोन आला. "वाईट केलंस," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या अर्ध्या टेबलावर येऊन बसले.

"तुमच्या त्या पानावर उत्तर कसं लिहितात?"

"का?"

"लोकांनी मला प्रश्न विचारलेत. उत्तर द्यायला नको?"

आईने फोटो पाहिला होता. फोटो छान आलाय म्हणून तिने तो कौतुकाने काकांना नेऊन दाखवला होता. खालचा मजकूर तिने वाचला नव्हता. काकांनी वाचला. नकाशा विभागातली माणसं खालचं बारीक अक्षर आधी वाचतात.

"काका, ते मी जरा घाईत..."

"असू दे. एकतीस वर्षं साहेबांच्या चुकांखाली माझी सही असायची. सवय आहे." मग चष्मा पुसत म्हणाले, "फक्त ते वयोमानानुसार नको होतं गं. मोजमापात मी कधी चुकलो नाही."

त्या क्षणी खरं काय ते सगळ्यांना कळवते, असं मी म्हणायला हवं होतं. मी त्यांना बटण कुठे आहे ते दाखवलं.

काकांनी एका बोटाने लिहिलं, "नमस्कार. चूक माझी आहे. सर्वांना कोपरा देता येणार नाही. कोपरा कशासाठी हवा, ते प्रत्येकाने एका ओळीत कळवावे. न कळवल्यास मधले घर मिळेल. आपला, या ताईंचा काका."

"काका, बॅकरला 'नाही' म्हणायचं नसतं," मी ओरडले.

"मग काय म्हणायचं असतं?"

"लवकरच, असं म्हणायचं."

"ते तू म्हणून झालंय," काका म्हणाले.

उत्तरं आली. एकाला दोन रस्ते बघू शकणारी मांजर पाळायची होती. एका बाईंना शेजार एकाच बाजूला हवा होता, कारण खऱ्या घरी दोन्ही बाजूंनी भांडण चालू होतं. बाकी बहुतेकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की सगळे मागत होते म्हणून मागितला. काका प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्यायचे. "आपली मांजर एका रस्त्यावर भागवू शकेल असे वाटते. अर्ज नामंजूर." "शेजारणीशी बोलून पाहावे. अर्ज मंजूर."

आणि लोक खूश. माझ्या गोडगोड 'लवकरच'ला शिव्या घालणारी माणसं नामंजूर झालेला अर्ज एकमेकांना अभिमानाने दाखवत होती. झोपाळू वाघाचा अर्ज तीनदा फेटाळला गेला. चौथ्यांदा त्याने स्वतःच मधलं घर मागून घेतलं. शेवटी कोपरे लागले बावीस. मौनीने लांबच लांब ओळी मांडल्या. पहिल्या घरात 'शिडी हरवली' म्हणून निघालेली अफवा तिसाव्या घरात पोचेपर्यंत 'नवरा पळाला' अशी झालेली असायची. गेम उघडायची तारीखही काकांनीच जाहीर केली आणि आम्ही तिच्या एक दिवस आधी गेम उघडला.

पहिल्याच तासात बॅकरनी वर्गणी काढल्यासारखी आपापल्या अंगणातली फुलं आणून गावाच्या मुख्य चौकात ठेवली आणि पाटी लावली, "चूक कबूल करणाऱ्या काकांना."

ती पाटी वाचून मला जेवण गेलं नाही. काका समोर बसून जेवत होते. मी ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले. घरं मी वाटली. काकांनी मला पहिल्याच दिवशी सावध केलं होतं. नकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी भित्री आणि खोटारडी आहे, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या मागे लपले. एक शब्दही मऊ केला नाही. बटण दाबलं आणि शिव्यांची वाट बघत बसले.

पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. "काकांचं नाव राखण्यासाठी किती मोठ्या मनाने दोष अंगावर घेतलात, ताई." पुढची पन्नास उत्तरं तशीच. एकीने लिहिलं, अशी पुतणी घरोघरी असावी.

मी लॅपटॉप काकांपुढे सरकवला. "काका, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचं ऐकतात."

"सांगायलाच हवं?"

"हवं."

काकांनी हात धुतले, चष्मा लावला आणि एका बोटाने लिहिलं, "वरील मजकूर मी वाचला असून तो संपूर्ण खरा आहे. चूक पुतणीची आहे, माझी नाही."

मग झोपाळू वाघाचं उत्तर आलं.

"आमचे काका दुसऱ्याच्या अंगावर ढकलणाऱ्यांतले नाहीत. ताई, म्हाताऱ्या माणसाकडून असं खोटं लिहून घेताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

वाटत होती. पण ते लिहून उपयोग नव्हता. कोणीही विश्वास ठेवला नसता.