बादलीवाल्या अस्वलाचा वकील

टीव्हीला चप्पल फेकून मारणारा माणूस अख्ख्या ब्रह्मपुरीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. महादेवभाऊ. वय सत्तरीला टेकलेलं, धानाची शेती आता पोरगा बघतो, आणि हे रोज संध्याकाळी सहाला माझ्या घरच्या खुर्चीत हजर. विचारणं वगैरे भानगड नाही. बातम्या लावू देत नाहीत, भजन लावू देत नाहीत. कार्टून लाव म्हणतात.

मी कॉलेजात क्लार्क आहे, पंचेचाळीस वर्षांचा, आणि कार्टून मीही बघतो. लपवत नाही. मला खरी मजा येते ती एक कार्टून दुसऱ्याची खेचतं तेव्हा. साळिंदरांच्या कुटुंबाचं एक कार्टून लागतं. त्यात मधेच दुसऱ्याच कार्टूनमधला कुणीतरी रस्त्यानं जातो. तसाच चालतो, तसाच बोलतो, फक्त मूळच्यापेक्षा जरा जास्त येडा. ज्यानं ते दुसरं कार्टून पाहिलंय त्यालाच कळतं. मला कळतं, म्हणून मी मोठ्यानं हसतो. आणि महादेवभाऊ पेटतात.

पेटले की ते उजव्या हातानं स्वतःचाच उजवा कान पिळतात. शिक्षा देणारे गुरुजीही तेच आणि शिक्षा भोगणारं पोरही तेच. कान लालभडक झाला की ठरलेला सवाल येतो, "जवाब कोन देईन?"

भांडण एका अस्वलावरून आहे. पूर्वी एक कार्टून लागायचं, त्यातल्या अस्वलाचा पाय बादलीत अडकायचा आणि ते बादलीशीच वाद घालत बसायचं. ते कार्टून कधीचं बंद पडलं. पण साळिंदरं दर दोन दिवसांनी त्याला आणतात, बादलीत पाडतात आणि खिदळतात. महादेवभाऊंचं म्हणणं, त्या बिचाऱ्याचं दुकान बंद, तो उलटून कुठून बोलणार? चॅनलला तीन पत्रं धाडली त्यांनी. लिहिली अर्थात मी, ऑफिसातून थकून आल्यावर. भाऊ, ते नुसतं चित्र आहे, असं एकदा समजावायला गेलो, तर म्हणे तूही चित्रच हायेस, सरकारी.

हे सगळं उगाच नाही. महादेवभाऊ तीस वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या गावोगावच्या, नाटकात विनोदी कामं करायचे. वैनगंगेच्या पल्याडच्या नाटक मंडळात तसलाच एक नट होता, दयारामभाऊ. हे आपल्या नाटकात मधेच दयारामची नक्कल घुसवायचे, तो त्याच्या नाटकात यांची. कानासकट. त्यांचा आपसातला नेम कडक होता. ज्याची नक्कल करायची त्याच्या घरी आधी पान-सुपारी न्यायची, त्याला पुढच्या रांगेत बसवायचं, आणि मग त्याचा जवाब ऐकायला स्वतः जाऊन बसायचं. पाठीमागे नक्कल करणारा हरामखोर, असं ते आजही म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी दयारामभाऊला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या दिवसापासून महादेवभाऊंनी नाटक सोडलं. नदीही ओलांडली नाही. भेटायला काऊन जात नाही, असं विचारलं की हे उठून पाणी प्यायला जायचे.

मग तो चपलेचा दिवस आला. साळिंदरांनी त्या दिवशी अस्वलाची तेरवी घातली. बादलीला हार, सगळे जेवतायत, हसतायत. मीही हसलो. चप्पल माझ्या कानाजवळून गेली आणि पडद्यावर आडवी चीर पडली. माझं डोकं फिरलं.

"त्या अस्वलाले आता कोन विचारते, भाऊ?" मी ओरडलो. "हे साळिंदरं नक्कल करून राह्यले म्हनून तरी ते लोकायच्या ध्यानात हाये. तुम्ही मोठे दयावान. दयारामभाऊची नक्कल सोडली, आन् त्याच्यासंगं मानूसबी सोडला."

बोलून गेलो आणि जीभ चावली. ते उठले. एका पायात चप्पल, तसेच घरी गेले.

सकाळी दारात उभे. रुमालात पान-सुपारी. "गाडी काढ," म्हणाले. माझा राग उतरला नव्हता, तरी काढली.

नदी ओलांडून पोचलो तेव्हा दयारामभाऊ अंगणात बाजेवर होते. महादेवभाऊंनी तब्येत विचारली नाही, काही नाही. पान-सुपारी त्यांच्या मांडीवर ठेवली, चार पावलं मागे सरले आणि सुरू झाले. आधी जुना दयाराम, छाती काढून चालणारा. आणि मग आजचा. लोंबता हात, वाकडं तोंड, फरपटणारा पाय. दयारामभाऊची सून आतून धावत आली. "लाज नाई वाटत का तुमाले?" म्हणाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी महादेवभाऊंचा दंड धरून ओढायला लागलो, तर मलाच ढकलून दिलं.

तेवढ्यात बाज करकरली. दयारामभाऊचे खांदे हलत होते. अर्ध्या तोंडानं तो माणूस हसत होता. मग त्याचा डावा हात हळूहळू वर गेला, त्यानं डावा कान धरला आणि पिळला.

"चुकला," महादेवभाऊ ओरडले. "माहा उजवा कान हाये."

दयारामभाऊनं डावाच कान आणखी जोरात पिळला. महादेवभाऊ तिथंच मातीत बसले आणि ढसाढसा रडले. सून पाणी घेऊन आली, तिनं ते कोणाला द्यावं हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सहाला हे पुन्हा खुर्चीत. चिरलेल्या पडद्यावर अस्वल आलं, पाय बादलीत गेला, साळिंदरं खिदळली. महादेवभाऊ पेटले, आणि हात कानाकडे गेला. डावा हात, डाव्या कानाकडे.

"भाऊ, कान चुकला," मी म्हणालो.

"चूप बस," ते म्हणाले. "त्याची नक्कल बराबर निघाली पायजे."