हरित अंदाजपत्रकात बारवेला वजा एक

पर्यावरण वाचवायचं असेल तर सुरुवात अंदाजपत्रकापासून करावी लागते, ही गोष्ट आता सर्व शहाण्या माणसांना पटलेली आहे. झाड कुऱ्हाडीनं तुटतं असं आपल्याला वाटतं, पण कुऱ्हाडीच्या आधी तरतूद असते, तरतुदीच्या आधी ठराव असतो आणि ठरावाच्या आधी चहा. तेव्हा चहा सोडून बाकी सगळ्याला पर्यावरणाची शिस्त लावावी, असं वरून ठरलं. वर म्हणजे नेमकं कुठं, ते आमच्या नगरपालिकेत कोणी विचारलं नाही. पाऊसही वरूनच येतो आणि त्यालाही आम्ही काही विचारत नाही. (येतो तेव्हा.)

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. लोह्याच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, कारण पुढे या हकिकतीत बक्षीस येणार आहे आणि बक्षीस मिळालेल्या गावाकडे लोक वर्गणी मागायला येतात. मी अमृतराव. माझं मुलींचं चार मजली वसतिगृह आहे आणि नगरपालिकेच्या हरित समितीवर मी नागरिकांचा प्रतिनिधी आहे. लातुरात शिकवण्यांना जागा पुरेना, तेव्हा ती भरभराट उतू जाऊन आमच्याकडे आली. पूर्वी आमच्याकडे ज्वारी व्हायची, आता डॉक्टर होतात. (म्हणजे काही होतात. बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा बसतात, आणि वसतिगृहवाल्याला खरा आधार पुन्हा बसणाऱ्यांचाच असतो.)

वरून आलेला आदेश असा होता. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक कामाला हवामानाच्या दृष्टीनं रंग द्यावा. उपकारक काम हिरवं, अपायकारक काम लाल. हिरव्याला चार गुण, लालला वजा एक, आणि जे काम घेतलंच नाही त्याला शून्य. सर्वाधिक गुणांच्या नगरपालिकेला बक्षीस. दुसऱ्या एखाद्या भागात हा कागद वाचून अधिकारी रजेवर गेले असते. आमच्याकडे 'अधिक चार, वजा एक' एवढे शब्द ऐकले आणि सभागृहाला हायसं वाटलं. कारण डॉक्टरकीच्या परीक्षेची गुणपद्धत हीच, आणि ती आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमचा दूधवालासुद्धा अंदाजे उत्तर देत नाही. उद्या दूध येईल का विचारलं तर गप्प बसतो. चुकलं तर गुण जातात, न बोललं तर जात नाहीत.

त्यामुळे पर्यावरणाचा तज्ज्ञ बोलावण्यात वेळ न घालवता मुख्याधिकाऱ्यांनी गुरुपादप्पा सरांना बोलावलं. सर उदगीरकडचे, रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या क्लासात आठशे मुलं बसतात आणि एकही मूल प्रश्न विचारत नाही, एवढी त्यांच्या विषयाची समज पक्की आहे. समितीचा वर्ग रविवारी त्यांच्याच हॉलमध्ये भरला. सोळा अंश तापमानात आम्ही पृथ्वीच्या तापमानावर विचार करायला बसलो. मला स्वेटर आणायला हवा होता असं वाटलं.

"पेपर बघून घाबरायचं नाही," सर म्हणाले. "येतंय ते आधी सोडवायचं. डाउट आला की सोडून द्यायचं, पुढं जायचं. निगेटिव्ह घेऊन आजवर कोणी मोठं झालेलं नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. मग आमचे लेखापाल आनंदराज एकेक काम वाचू लागले आणि सर ते सोडवू लागले. अशी हातोटी मी आयुष्यात पाहिली नाही. पाण्याच्या टँकरचं डिझेल आलं. आम्हाला वाटलं, हे लालच. सर म्हणाले, टँकर धूर सोडतो हे खरं, पण दुष्काळाशी जुळवून घ्यायला मदत करतो, म्हणून हिरवा. क्लासरोडवरची कडुलिंबाची झाडं तोडून पार्किंग करायचं काम आलं. पालक जागा शोधत गाडीच्या चकरा मारतात, पार्किंग झालं की चकरा वाचतील, धूर वाचेल. हिरवं. (तोडलेली लाकडं स्मशानात जाणार होती, म्हणजे वाया काहीच जात नव्हतं.) बंद पडलेले पथदिवे दुरुस्त करायचे नाहीत, असं एक काम होतं. ते तर इतकं हिरवं निघालं की सरांनी क्षणभर डोळे मिटले. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनातल्या फिरत्या खुर्चीलाही चार गुण मिळाले. तिचं कापड हिरवं होतं म्हणून नव्हे, तसला पोरकटपणा समितीनं केला नाही. खुर्ची फिरती असल्यामुळे साहेबांना पंख्याकडे जावं लागत नाही, साहेबच वाऱ्याकडे वळतात आणि पंखा एकच पुरतो, असा त्यामागे विचार होता.

आणि मग बारव आली.

मोमीनपुरा आणि भीमनगर यांच्या मध्ये जुनी दगडी बारव आहे. दोन्ही वस्त्या तिच्यावर पाणी भरतात, कारण नळाची लाइन तिथवर पोचलेली नाही आणि टँकर त्या बोळात शिरत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात बारवेची एक बाजू आत ढासळली. तेव्हापासून ते दगड आणि त्यावर साचलेला गाळ झरे दाबून बसलेले आहेत. 'बारवेतील दगड व गाळ काढणे' हे काम दरवर्षी अंदाजपत्रकात असायचं, आणि नुसतं असण्यातच त्याचं वर्ष संपायचं. मागच्या उन्हाळ्यात भीमनगरच्या सरजाबाई पाणी शेंदताना त्या दगडांवरून घसरल्या, पाय मोडला. त्यानंतर यंदा खरोखरच निविदा काढायचं ठरलं होतं.

"कसं काढणार दगड?" सरांनी विचारलं.

"क्रेननं," आनंदराज म्हणाले. "आणि पाणी उपसायला डिझेल पंप."

"धूर येणार."

"येणार की."

"लाल आहे. वजा एक. सोडा."

आनंदराज तसे मोजकं बोलणारे. पण ते उठून उभे राहिले. "सर, त्या दोन वस्त्यांना दुसरं पाणीच न्हाई. यंदा गाळ निघाला न्हाई तर चैतात बारव आटंल."

"आनंदराजसर, भावनेच्या भरात पेपर सोडवला की काय होतं ते मी रोज बघतो," गुरुपादप्पा सर कळवळून म्हणाले. "प्रश्न चुकवायचा नाही, सोडायचा. सोडल्याला शून्य असतं. शून्यानं कोणाचं नुकसान होत नाही."

आनंदराज खाली बसले. परीक्षेतला प्रश्न सोडला तर नुकसान होत नाही हे खरंच आहे, आणि अंदाजपत्रकातलं काम सोडलं तर तरतूद होत नाही हेही खरंच आहे. दोन्ही खरं असताना समितीनं कोणाचं मन मोडायचं? बारव पुसली गेली.

शेवटी मी नम्रपणे विचारलं, "सर, वसतिगृहांच्या बोअर कोणत्या रंगात धरायच्या?" गावात चाळीसेक वसतिगृहं आहेत. माझी बोअर नऊशे फूट आहे, शेजाऱ्याची हजार. सर हसले. म्हणाले, ते खाजगी, अंदाजपत्रकात नाही, म्हणजे सिलॅबसच्या बाहेर. मला बरं वाटलं. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून झाला.

चैत्र लागला. एके दिवशी रहमतबी आणि कुबडी घेतलेल्या सरजाबाई नगरपालिकेत आल्या. रहमतबी मोमीनपुऱ्यात राहतात, नवरा गेल्यापासून शिलाई करून नातीला वाढवतात. ती नात, उजमा, सोबत होती. उजमा बारावीला, गुरुपादप्पा सरांच्याच क्लासात, अर्ध्या फीवर. हुशार मुलगी. समितीचा सदस्य म्हणून मी तिथं हजर होतो.

"सायब, बारवंत हातभर पाणी राह्यलंय," सरजाबाई म्हणाल्या. "गाळ काढणार हुते न्हवं?"

मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि शांतपणे समजावलं. त्यांच्या बारवेला कोणी नामंजूर केलेलं नाही. ती चुकीचीही ठरलेली नाही. तिला फक्त हात लावलेला नाही.

"म्हंजे काय वं?" रहमतबींनी नातीकडे पाहिलं.

"दादी, सवाल सोडून दिला म्हणतात," उजमा म्हणाली. "लाल होता म्हणून."

"पाणी लाल हाय व्हय?" सरजाबाईंनी विचारलं. "गढूळ हाय. पर लाल न्हाई."

"मंग लिवणार कवा सवाल?" रहमतबी म्हणाल्या. "पोरगी रोज पहाटं चारला घागर घेऊन बसती. सहाला क्लास असतो. एक घागर भरायला घंटा जातो सायब. तिची परीक्षा हाय."

"पुढच्या अटेम्प्टला नक्की," मुख्याधिकारी म्हणाले. "यंदा बारवेनं ड्रॉप घेतलाय असं समजा."

उजमानं सरजाबाईंना उठायला हात दिला आणि तिघी गेल्या. मला वाईट वाटलं. मी मनाचा मऊ आहे, हे माझ्या वसतिगृहातल्या कोणत्याही मुलीला विचारा. (भेटीची वेळ रविवारी चार ते पाच.)

निकाल लागला. आमची नगरपालिका विभागात पहिली आली. बसस्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला, त्यावर मुख्याधिकारी हार घालून, खाली गुणांची टक्केवारी आणि कोपऱ्यात 'मार्गदर्शक : गुरुपादप्पा सर'. ढोल वाजले, पेढे वाटले, फटाके उडाले. (फटाके निकालानंतरचे, म्हणून ते पुढल्या वर्षीच्या गुणांत धरले जातील.) मग तर आसपासच्या तालुक्यांतले अधिकारी हरित अंदाजपत्रकाच्या शिकवणीला येऊ लागले. सरांनी त्यांच्यासाठी वेगळी बॅच काढली. आलेला माणूस राहणार कुठं? मी पाचवा मजला चढवला आणि दुसरी बोअर घेतली, अकराशे फूट. पाणी असं उसळलं की बोअरच्या गाडीवाल्यानं स्वतः नारळ फोडला.

त्याच आठवड्यात बारव आटली. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं काही लोक म्हणतात. पण मी जमिनीखाली जाऊन बघितलेलं नाही, आणि बघितलेलं नसताना बोलणं म्हणजे अंदाजे उत्तर देणं.

दोन्ही वस्त्यांतली माणसं आता घागरी घेऊन मोठ्या रस्त्यावर टँकरची वाट बघतात. टँकर यायची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे वाट सबंध दिवस बघावी लागते. टँकर हिरवा आहे हे मी आधी सांगितलंच, आणि फेऱ्या वाढल्या तसे नगरपालिकेचे पुढल्या वर्षीचे गुणही वाढले. उजमा आधी पहिल्या तासाला यायची बंद झाली, मग दुसऱ्या, मग यायचीच बंद झाली. परीक्षेच्या दिवशी सकाळीच टँकर आला होता. ती परीक्षेला बसली की नाही, मी विचारलं नाही. मात्र सरांजवळ एकदा तिचा विषय काढला. ते म्हणाले, "मुलगी चांगली होती. पण अमृतराव, अटेंडन्स फार वाईट."

रहमतबी हल्ली माझ्याकडे मेसमध्ये पोळ्या लाटतात. पगार देतोच, वर रोज दोन घागरी पाणी नेऊ देतो. एक त्यांची, एक सरजाबाईंची. जाताना त्या घागरीवर फडकं बांधतात, थेंबभरसुद्धा सांडू देत नाहीत. माझ्या स्वतःच्या हिशेबात या दोन घागरींना मी हिरवा रंग दिलेला आहे. चार गुण.

एवढं वाचून तुम्हाला माझा राग आला असेल. यावा, माणूस आहात. गुरुपादप्पा सरांचा आला असेल, मुख्याधिकाऱ्यांचा तर नक्कीच. उजमासाठी जीव हळहळला असेल. पण जून लागेल, तुमची मुलगी दहावी होईल, आणि तुम्ही तिची पेटी घेऊन माझ्या गेटात उभे राहाल. तेव्हा तुम्ही हवामानाचं काही विचारणार नाही. बोअर किती फूट, शेजारची बारव कशानं आटली, पोळ्या लाटणारी बाई कुठून येते, यातलंही काही विचारणार नाही, हे सगळं तुम्ही शहाणपणानं सोडून द्याल. तुम्ही सरळ बाथरूममध्ये जाल, नळ पूर्ण सोडाल, धार बघत जरा वेळ उभे राहाल आणि मग मला विचाराल, "पाणी चोवीस तास असतं ना?"

इतकी वर्षं वसतिगृह चालवतोय, हा प्रश्न अजून एकाही पालकानं सोडलेला नाही.