लोंबीआधीचा निकाल

शाळेत बदलून आलो, शेजारी म्हणून देवाजीभाऊंना भेटायला गेलो, तर त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लोंब येऊ द्या गुरुजी, मंग सांगतो."

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार: धान आणि करगा. करगा म्हणजे हुबेहूब धानासारखं दिसणारं तण. पिकायच्या आधीच दाणा झाडून मोकळं होतं. सरपंच करगा, पाटलांचा नवा जावई धान, आमच्या शाळेची तपासणी करणारे साहेब म्हणजे "करग्याचा बाप". एकदा निकाल लागला की अपील नाही.

मी फळ्यावर रकाने आखून मुलांना वर्गीकरण शिकवणारा माणूस. म्हटलं, हेही शिकू. रोवणीनंतर त्यांच्या धानाच्या बांधीत, बांध घालून पाणी अडवलेल्या वावरात, उतरलो.

"ओळखायचं कशावरून?"

"दिसते ना."

"पण काय दिसतं?"

"करगा दिसते!"

करगा समजून मी उपटलेल्या पहिल्या दहा रोपांत सात धानाची निघाली. भाऊ हसून हसून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले. त्यांनाही बापाने असंच शिकवलं होतं, फक्त दर चुकीला पाठीत धपाटा. तीन पावसाळ्यांत माझाही डोळा तयार झाला. नियम विचाराल तर आजही सांगता येत नाही.

मग सुधाकर, त्यांचा एकुलता एक मुलगा, शेती सोडून हैदराबादला गाडी चालवायला जातो म्हणाला. भाऊंनी चावडीवर, चार माणसांत सांगितलं, "माह्याच बांधीत करगा निंघाला." पोरगा मान खाली घालून ऐकत होता. सगळे हसले. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते.

तो गेला. दोन वर्षं झाली, बापाचा फोन उचलत नाही.

यंदा भाऊंची बांधी करग्याने भरली. म्हाताऱ्याची नजर गेली, असं गावाने ठरवून टाकलं. मी गेलो तेव्हा ते चिखलात वाकून उभे होते. अचूक करगाच धरला होता.

"उपटत काऊन नाई, भाऊ?"

"हात होत नाई, गुरुजी." त्यांनी रोप सोडलं. "सुधाकरले फोन लावून द्या ना."

माझ्या फोनवरून लावला. घंटी वाजून वाजून थांबली आणि उत्तर मिळत नसल्याचं सांगणारी ती बाई बोलू लागली. भाऊंना ते कळत होतं. तरी त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"जेवला काय, बापू? निंदण केलंच नाई मी यंदा. तू ये. तू दाखवशील तेच उपटू."

बाई केव्हाच गप्प झाली होती. भाऊ बोलतच राहिले, बांधीत पाणी किती आहे, गाय कधी व्याली. मी फोन परत मागितला नाही.