परचुरे काकांचा बर्फ

दक्षिण ध्रुवाकडून आलेला बर्फ मी कोकम सरबतात घालून पाहुण्यांना पाजला, हे आधीच कबूल करतो. बर्फ आमच्या शेजारच्या परचुरे काकांचा होता.

डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर. काका प्रयोगशाळेत होते. ध्रुवावरच्या बर्फात बुडबुड्यांमध्ये हजारो वर्षं कोंडलेली हवा बाहेर काढायची आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड, मिथेन मोजायचा, हे त्यांचं काम. आपला उच्छ्वास मिसळला की मोजमाप बिघडतं, म्हणून नमुना हाताळताना ते श्वास रोखत. पुढे सवयच जडली. लोणच्याची बरणी उघडतानाही तोंड लालबुंद. "हवा उष्टी करू नये," म्हणायचे.

काकू वैतागत. "संसार गेला तुमच्या हवेत. मला मेली कधी दिसली नाही ती."

"दिसत नाही गं. ऐकवीन एकदा."

नव्वदच्या सुमाराला तडा गेल्यामुळे बाद ठरलेला एक तुकडा काकांनी वरिष्ठांना विचारून थर्मासमधून घरी आणला. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी, मोहन्याला गेलेल्या. काकांकडे फ्रिज नव्हता, म्हणून तुकडा डब्यात घालून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला. "ही येईपर्यंत तुमच्याकडे राहू दे," म्हणाले. रोज संध्याकाळी यायचे, श्वास रोखून डबा बघायचे आणि जिन्यात जाऊन सोडायचे.

एका रविवारी ठाण्याहून माझे साहेब अचानक सहकुटुंब आले. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे रिकामा होता. बर्फ तो बर्फ, अशी मी मनाची समजूत घातली. ते गेल्यावर डब्यात नळाचं पाणी गोठवून ठेवलं. काकांना सांगायचा धीर झाला नाही.

काकू परतल्या. काकांनी मलाही बोलावलं. पाण्याच्या ग्लासात तुकडा सोडून त्यांनी हात वर केला. काकूंनी ग्लासाला कान लावला.

"जुनी हवा सुटताना तडतडते," काका कुजबुजले.

काहीच वाजेना. काकांचा चेहरा उतरला. "तडा होता ना, निसटली असेल. माझंच चुकलं."

"येतोय की आवाज," काकू म्हणाल्या. "बारीक आहे." आणि कान तसाच ठेवून बसल्या.

मला राहवेना. "काका, हा आमच्या नळाचा बर्फ आहे. तुमचा मी पाहुण्यांच्या सरबतात घातला. मला माफ करा."

काकांनी ग्लास काकूंच्या कानाजवळून बाजूला घेतला. मग म्हणाले, "वाजला होता?"

"हो. सगळे ग्लास तडतडत होते. साहेबांनी विचारलंसुद्धा, सोडा घातलाय का म्हणून."

काकांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा. कसा वाजत होता, ते हिला नीट सांगा."