गाण्याआधीची गोष्ट

आमच्या बिल्डिंगमध्ये अण्णा शिवलकरांच्या कानावर पडेल असं गाणं कोणी सहसा लावत नाही. लावलंच, तर हाताशी निवांत वेळ आहे की नाही ते बघून लावतात. कारण अण्णा गाणं थांबवतात. गाण्याचं त्यांना वावडं आहे म्हणून नव्हे. जुनी, नाचरी, ऐकताना पाय आपोआप हलायला लागतात तसली सगळी गाणी त्यांचा जीव की प्राण. पण गाणं असं एकदम सुरू करणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं. "पाहुणा आला तर आधी नाव-गाव इचारतात ना? की थेट पाटावर बसवतात?" असं म्हणून ते आवाज बंद करतात, घसा खाकरतात आणि त्या गाण्याची जन्मकथा सांगतात. ती संपली की थोडा वेळ मान खाली घालून गप्प उभे राहतात. मग स्वतःच बटण दाबून गाणं सुरू करून देतात.

रत्नागिरीतल्या माळनाक्याजवळच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला. खोकी अर्धवट उघडलेली, पितळी डबे कुठे आणि त्यांची झाकणं कुठे याचा पत्ता नाही. जिवाला बरं वाटावं म्हणून मी मोबाईलवर पिवळ्या छत्रीचं गाणं लावलं. आमच्या कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला कोणी ना कोणी छत्री फिरवत या गाण्यावर नाचलेलं आहे. पहिलं कडवं सुरू होतंय तोच बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट आणि हातात आमटीची पळी. त्यांनी पळी तोंडासमोर धरली.

"रसिकहो," ते म्हणाले. समोर मी एकटी होते.

त्यांनी सांगितलेली कथा अशी: या गाण्याचा गीतकार एका मुलीच्या प्रेमात पडला. मुलीचे वडील छत्र्या दुरुस्त करणारे. मुलगी दिसावी म्हणून हा पठ्ठ्या दररोज आपली छत्री मोडायचा आणि दुरुस्तीला न्यायचा. शेवटी काळं कापड संपलं आणि वडिलांनी पिवळं लावून दिलं. देताना म्हणाले, "बाबा रे, आता छत्री मोडू नकोस. सरळ मागणी घाल." त्याच दिवशी हे गाणं जन्माला आलं.

मी पाघळलेच. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. अण्णा मान खाली घालून क्षणभर थांबले. टाळी हवी असेल, असं वाटून मी टाळ्या वाजवल्या, तर ते एकदम कानकोंडे झाले. "टाळी नको गो, टाळी नको," म्हणाले. मग पळी खाली घेऊन घरच्या आवाजात, "मी शिवलकर. वरच्या मजल्यावर असतो. आमटी ठेवलेली हाय," असं सांगून गेले.

अण्णांच्या दोन मराठ्या आहेत. एक माइकची, तिला इस्त्री केलेली असते. दुसरी घरची. 'रसिकहो' या शब्दाला पहिली सुरू होते आणि गोष्ट संपली की दुसरी आपोआप येते. मधल्या वाटेने ते कधी बोलत नाहीत.

एकदा माझा नवरा स्टेशनला निघाला होता. अण्णाही त्याच रिक्षात बसले. रिक्षावाल्याने हौसेने शिट्टीवालं गाणं लावलं आणि अण्णांनी मागून हात घालून ते बंद केलं. त्या गाण्यात शिट्टी का आहे, तर रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळीच गायकाची अक्कलदाढ काढलेली. तोंडातून शब्द फुटेना, आणि संगीतकार तर रेकॉर्डिंगवाचून सोडेना, मग शब्दांच्या जागी शिट्टी. कथा अशी काही रंगली की रिक्षावाल्याने दाढेचं पुढे काय झालं ते ऐकायला रिक्षा बाजूला घेतली. गाडी चुकली. नवरा पाय आपटत घरी आला, अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग कपडेही न बदलता मला दाढेची गोष्ट साभिनय सांगत बसला.

पण मी कोर्टात काम करते. साक्षी ऐकून ऐकून कान तिखट झालेले. महिन्याभराने तीच शिट्टीची गोष्ट अण्णा सलूनच्या दारात कोणाला तरी सांगत होते, तर तिथे दाढेच्या जागी गळ्यात अडकलेली बोराची आठळी आली होती. मी घरी येऊन मोबाईलवर शोधलं. दाढ नाही, आठळी नाही, शिट्टी वाजवायला रीतसर एक शिट्टीवाले बोलावलेले होते. अण्णांना जिन्यात गाठून मी म्हटलं, "अण्णा, गेल्या वेळी दाढ होती."

"मग? माणसाला एकच दुखणां असतं काय?"

"आणि मोबाईलवर तर तिसरंच काही आहे."

"असूं दे की. ती त्यांची गोष्ट. ही आपली," अण्णा म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेले. चेहऱ्यावर खोटं पकडलं गेल्याचं नावसुद्धा नव्हतं.

वेळकाळाचं भान मात्र अण्णांना नाही, हे मान्य करायला हवं. तळमजल्यावरचे सावंतगुरुजी गेले तेव्हा स्मशानात सगळे गंभीर उभे असताना कोणाचा तरी मोबाईल वाजला, आणि वाजला तो नेमका जुन्या डिस्कोच्या ठेक्यावर. तो माणूस घाबरून खिसे चाचपतोय, तोवर अण्णांच्या तोंडून 'रसिकहो' निघून गेलं होतं. निघालं ते परत कसं घेणार? त्या ठेक्याचा ढोलकीवाला बायकोवर रागावून ताट बडवत होता आणि त्यातून तो ठेका सापडला, ही गोष्ट अण्णांनी चितेसमोर पुरी केली. गुरुजींचा मुलगा रडता रडता हसला. नंतर तोच म्हणाला, की त्या दोन दिवसांत तेवढाच एक श्वास नीट घेता आला.

हे वेड आलं कुठून, तर ऑर्केस्ट्रातून. अण्णा नोकरी सांभाळून इथल्याच एका ऑर्केस्ट्रात निवेदक होते. पावसला आंब्याचा हंगाम आटोपल्यावर, जयगडला नारळी पौर्णिमेला, कुठे पूजा, कुठे हळद, टेम्पोत ड्रम आणि माणसं एकमेकांवर घालून हे निघायचे. अलोऱ्याच्या कॉलनीतला त्यांचा किस्सा तर आता मलाही पाठ आहे. कार्यक्रम ऐन रंगात आला आणि तारेवर फांदी पडून लाईट गेली. वीजप्रकल्पाच्या कॉलनीत अंधार! लोक उठायला लागले. अण्णांनी बिनमाइकचा आवाज लावला आणि पुढच्या गाण्याची गोष्ट सुरू केली. लाईट येईना, तशी गोष्टही थांबेना. गीतकाराचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला, मुलगा शाळेत गेला, आणि तो चौथीच्या परीक्षेला बसला तेव्हा कुठे दिवे लागले. गोष्ट सुरू झाल्यावर एक माणूस जागचा उठला नव्हता.

त्या ऑर्केस्ट्राची मुख्य गायिका होती शालिनी. म्हणजे आमच्या शिवलकर काकू.

हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं, कारण काकू बोलतच नाहीत. जिन्यात भेटल्या की छान हसतात, मान हलवतात आणि पुढे जातात. मासेवालीशीसुद्धा त्यांचा व्यवहार बोटांवर चालतो. काकू बांगड्याकडे बोट करणार, ती भाव सांगणार, काकू भुवई उंचावणार, ती आणखी दोन बांगडे टाकणार. भांडणाशिवाय झालेला मासळीचा सौदा मी रत्नागिरीत दुसरा पाहिलेला नाही. पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. काही वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र पार बदलला. फोन उचलला तर पलीकडून 'हां काका, काकूंना द्या' असं यायला लागलं. त्यानंतर घराबाहेर काकूंनी तोंड उघडलं नाही. चारचौघांच्या कार्यक्रमाला येणं तर बंदच झालं.

आमच्याकडे दरवर्षी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. महाप्रसाद झाला की पार्किंगमध्ये हौशी लोकांची गाणी. निवेदन अर्थातच अण्णांचं. माइकशेजारी ते आपल्या हाताने एक रिकामी खुर्ची आणून ठेवतात. कोणी टेकायला गेलं तर, "ही येणार हाय," म्हणतात. काकू कधी आल्या नाहीत, आणि अण्णांनी खुर्ची ठेवायचं कधी सोडलं नाही.

यंदा पूजेच्या दिवशी दुपारी अण्णा खास आमच्या दारात आले. पळी नाही, 'रसिकहो' नाही. "आज ही खाली येतंय म्हणाली," एवढंच बोलले. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

संध्याकाळी गाणी सुरू झाली आणि पिवळ्या छत्रीच्या गाण्याची पाळी आली. अण्णांनी गोष्ट लावली. छत्री मोडली, दुरुस्त झाली, पुन्हा मोडली. अण्णांची नजर जिन्याकडे. काकूंचा पत्ता नव्हता. मग मुलीच्या वडिलांना छत्र्यांच्या धंद्यात भागीदार मिळाला. भागीदाराला राजापूरकडची आत्या निघाली. आत्या आजारी पडली. लोक घड्याळं बघायला लागले. आमचे सेक्रेटरी सुर्वे झटपट काम उरकणारे. त्यांनी "अण्णा, आवरा आता," म्हणून सरळ ट्रॅकच सुरू केला. अण्णांनी तो बंद केला. सुर्वेंनी परत लावला. अण्णांनी स्पीकरची पिन काढून हातात घेतली आणि उघड्या आवाजात आत्याला इस्पितळात नेलं. आता मागून हशा यायला लागला, आणि तो गोष्टीला नव्हता, अण्णांना होता. मला राग आला. कोणाचा, ते कळेना. मी उठून जिन्याकडे गेले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर अंधार होता. "संपली काय गोष्ट?" असा जाडा, खरखरीत आवाज आला. अण्णा इकडून कसे आले म्हणून मी दचकले. काकू होत्या. मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा वळेसर, आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. हात थरथरत होते.

"नाही अजून. सुर्वे चिडलेत."

"नाय संपायची ती. मी जाऊन उभी ऱ्हाईपर्यंत नाय संपायची." काकूंनी श्वास घेतला. "मला माइकचं भारी भ्या वाटायचं गो. प्रत्येक गाण्याला. हात हे असे कापायचे. दुसऱ्या कोणाला दिसायचं नाय, ह्यांना दिसायचं. मग हे गोष्ट सांगायला घ्यायचे. माझे हात थांबले की एका वाक्यात आवरायचे, आणि मी सूर लावायचा. नाय थांबले तर हे आपले बोलतच. खरी गोष्ट पुरणार किती? मग मनानं लावायचे. आवाज गेल्यावर मी ह्यांना सांगितलं, आता आपलं झालं. तरी अजून गोष्ट सांगतात नि थांबतात, बघितलंस ना तू?"

बघितलं होतं. त्या थांबण्याला मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मग आज कशा निघालात?"

"सकाळी दूधवाल्याला गोष्ट सांगत होते, मधीच धाप लागली ह्यांना. आतनं आयकलं मी. म्हटलं, म्हातारा किती दिवस असा माझ्यासाठी उभा ऱ्हाणार?"

मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. कठडा धरूनच उतरल्या.

पार्किंगमध्ये आत्या एव्हाना शेवटचे श्वास मोजत होती. अण्णांनी काकूंना येताना बघितलं आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. आता एका वाक्यात आवरायचं होतं, आणि तेच त्यांना येईना. अण्णांना शब्द न सापडल्याचं आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. सुर्वेंनी मुकाट्याने पिन परत लावली. काकूंनी माइक हातात घेतला.

"रसिकहो," काकू म्हणाल्या. तो आवाज ऐकून पुढची दोन पोरं खुदकली. काकू थांबल्या. मग बोलल्याच. "ह्या गोष्टीतलं एक अक्षर खरं नाय. ना छत्री, ना आत्या. मी भ्यायची, आणि मी तयार होईपर्यंत हा माणूस बोलत ऱ्हायचा. सगळ्या गाण्यांची खरी गोष्ट तेवढीच. आता माझ्या गळ्यात गाणं नाय. आज हे म्हणतील."

अण्णांनी आयुष्यात कधी सूर लावलेला नाही. ते काकूंच्या कानाशी वाकले, पण माइक चालू होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "शालू, मला नाय गो येत. हात बघ माझे."

काकूंनी बघितले. मग अण्णांना त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं, स्वतः त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसा निवांत. तुमचे हात थांबले की गायला घ्या. तवर मी बोलतंय."

आणि आमच्याकडे वळून त्या जाड्या आवाजात काकूंनी गोष्ट सांगायला घेतली. ती बरीच लांबली. आवरा म्हणून कोणी म्हटलं नाही.