फरीक दह्हाम यांणी भरला पेला खाली ठेविला त्याची हकीकत

लिहिणेस हुजूरची आज्ञा नाही, कोणी पुसिलेही नाही. तथापि ऐसी फत्ते विसरली जाऊ नये, म्हणोन लिहिले असे.

वाळवंटी मुलुखी सर्वसत्ताधीश नेते यांची दौलत, आणि त्यांचे सरलष्कर, तिकडील हुद्द्याने फरीक, दह्हाम बिन मुतलक. समशेर कधी उपसिली नाही, परंतु नेते बोलले की टाळी सर्वांआधी वाजवीत आणि सर्वांमागून थांबवीत, आणि ऐसे करीत करीत छातीवर पदकांस जागा उरेना, मग सरलष्करी पावली. आधीचे चार सरलष्कर एक एक करोन नाहीसे जाहले, कबर कोणाचीच नाही. म्हणोन त्यांची बायको वदहा रोज दारात ताकीद करी, “पदकं पुरे झाली. संध्याकाळी तुम्ही तेवढे घरी या.”

एके दिवशी नेत्यांणी तंबूत कबिल्यांचे शेख मेजवानीस बोलाविले, आणि कडू कॉफीचे पेले फिरले. नेत्यांणी खजुराविषयी काही फर्माविले, ते कोणासच समजले नाही, आणि दह्हाम यांणी जुने सवयीने भरला पेला चटईवर ठेवोन टाळी दिल्ही. मग साऱ्या शेखांचे पेले ओठांशीच अडले. कारण रिवाज ऐसा की, पाहुणा न पिता पेला खाली ठेवी तो काही मागतो, आणि यजमान ते न देई तर त्याची अब्रू साऱ्या कबिल्यांत जाते. सरलष्कर मागेल ते तख्तच, ऐसे समजोन नेत्यांची मिशी थरथरली, आणि पहारेकऱ्यांणी बंदुका सावरिल्या.

“काय हवंय, दह्हाम? माझी खुर्ची?”

दह्हाम यांणी मनी हिशेब केला. काही मागावे तर गर्दन जाते, आणि काही नको म्हणावे तर यजमानाचा अपमान, तेणेही गर्दनच. मग वदहाची ताकीद आठवली.

“नाही, सरकार. मला हाकलून द्या. घरी जातो.”

नेते घुटमळले. तेव्हां नव्वदीचे शेख उकाब, दात एकच उरलेला, नेत्यांस बोलिले, “पेला खाली आहे, पोरा. आता मागेपुढे नको.”

मग फर्मान सुटले की दह्हाम नालायक, सबब पदके जप्त, पद बरतर्फ, आणि रेडिओवर तीन वेळां बदनामी. दह्हाम यांणी पेला उचलोन गारढोण कॉफी एका घोटात संपविली, आणि जन्मात ऐसी गोड कधी लागली नव्हती.

घरी वदहाने रिकामी छाती पाहिली, आणि ती डोळे पुसोन म्हणाली, “बरं झालं. सदरा धुवायला सोपा.”

येणेंप्रमाणे फरीक दह्हाम मोहीम फत्ते करोन संध्याकाळी आपले पायी घरी आले. त्या दौलतीत हा पराक्रम दुसऱ्या सरलष्करास साधला नाही, हे दप्तरी नमूद असो.